न उघडायची थैली

"फुंकर मारायची नाही, शिंकायचं नाही, आणि गोपाल, तू तर हसायचंही नाही," कुंदनदादा म्हणाला आणि त्यानं दोन्ही दिवे लावले.

गोपालनं गाल फुगवून श्वास कोंडून धरला. समोर काळ्या कापडावर पोथीचं एक पान होतं, फूटभर लांब आणि वीतभरही रुंद नसलेलं. त्याच्या शेजारी रंगीत चौकोनांची पट्टी आणि छोटी मोजपट्टी. वर लोखंडी दांडीला खाली तोंड करून अडकवलेला कॅमेरा. खट् असा आवाज झाला तेव्हा कुठे गोपालनं श्वास सोडला, तोही भिंतीकडे वळून.

"दादा, या राणीचा एक डोळा गालाच्या बाहेर का आलाय?"

"त्या काळी तसाच काढायचे."

"पण बाहेर? हवेत?"

"तुझे कान नाहीत का बाहेर?" गायत्री म्हणाली. "आम्ही कधी काही बोललो?"

कुंदनदादा हसला आणि लगेच स्वतःच तोंडावर हात धरून मागे सरकला. त्याच्यासाठीही नियम तोच होता. श्वासाची वाफसुद्धा पानाला लागता कामा नये.

दिवाळीची सुट्टी होती. सुरतेच्या डिंडोलीतली त्यांची अर्धी गल्ली खानदेशात आपापल्या गावी गेलेली. मागे उरली ती तीन मुलं: हर्षदा, तिच्या शेजारची गायत्री आणि गायत्रीचा धाकटा भाऊ गोपाल. टीव्ही बघून कंटाळलेल्या या तिघांना कुंदनदादानंच इथं आणलं. रोज सकाळी त्याच्यासोबत बसनं पर्वत पाटिया, तिथून दुसरी बस, आणि मग कतारगामच्या जुन्या भागातल्या अरुंद गल्लीतला जैनांचा ज्ञानभंडार. म्हणजे हातानं लिहिलेल्या जुन्या पोथ्यांचं ग्रंथालय. जाड भिंती, लाकडी पेट्या, आणि किडी लागू नयेत म्हणून पेट्यांत ठेवलेल्या घोडवचेचा, म्हणजे वेखंडाचा, उग्र वास.

कुंदनदादा त्यांच्याच गल्लीतला. त्याची आई पूर्वी या भंडारात झाडलोट करायची. शाळा सुटली की तो तिच्यामागे यायचा. पोथ्या सांभाळणाऱ्या भाईदासकाकांनी त्याला आधी पेट्या पुसायला दिल्या, मग जुनी अक्षरं शिकवली. पुढे तो फोटोग्राफी शिकला, आणि भंडाराच्या ट्रस्टनं ठरवलं की सगळ्या पोथ्यांचे फोटो काढून जपायचे, कागद विरला तरी चित्रं उरावीत, जगातल्या अभ्यासकांना पोथीला हात न लावता ती वाचता यावी. तेव्हा काकांनी एकच नाव सुचवलं. डिंडोलीत आया मुलांना सांगायच्या, कुंदनसारखे व्हा.

हर्षदाला सख्खा भाऊ नव्हता. भाऊबीजेला ती कुंदनदादाला ओवाळायची. परवाच ओवाळलं होतं.

आणि इथं तर तिला तो रोज काही ना काही दाखवायचा. पान उचलताना बोटं नाही, बांबूची पातळ पट्टी सरकवायची. भिंग डोळ्याशी धरायचं, कागद भिंगाशी आणायचा नाही. कुंचल्याची रेघ भिंगातून बघितली तर तिला सुरुवात असते, शेवट असतो, मध्येच रंग दाट होतो. छापलेल्या चित्राला तसं काही नसतं. त्यात नुसते ठिपके असतात, चाळणीतून पाडल्यासारखे. "डोळ्यावर विश्वास ठेव," तो म्हणायचा. "पण आधी डोळ्याला शिकव."

गायत्री पानाचा क्रमांक पुकारायची. हर्षदा पडद्यावरचा फोटो आणि टेबलावरचं पान शेजारी-शेजारी ठेवून काही सुटलं नाही ना हे तपासायची. गोपालकडे सगळ्यात मानाचं काम होतं, असं निदान त्याला सांगितलं होतं. पान उचललं की काळ्या कापडावर कागदाचे बारीक कण उरतात. ते मऊ ब्रशनं वाटीत गोळा करायचे आणि वाटी कोपऱ्यातल्या पांढऱ्या थैलीत रिकामी करायची.

"कचऱ्याच्या डब्यात का नाही?" पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं, आणि भाईदासकाका असे दचकले होते की जणू त्यानं शिवी दिली.

काका गुजरातीत बोलायचे, मुलं गुजराती-मराठी मिसळून उत्तरं द्यायची. काकांनी समजावलं की ज्यावर अक्षर आहे, त्याचा कणही टाकायचा नाही. तो ज्ञानाचा अपमान. त्याला आशातना म्हणतात. इथं चिकटवायच्या चिठ्ठ्या चुकल्या तरी त्या थैलीतच जातात. वर्षभर थैली भरते. ज्ञानपंचमीच्या आदल्या दिवशी ती पलीकडच्या मंदिरामागच्या कोरड्या विहिरीत सोडतात. नदीत नाही, कारण पाण्यातल्या जिवांना त्रास होतो. आणि एकदा थैलीत गेलं ते गेलं. ती पुन्हा कुणी उघडत नाही.

"दरवानसुद्धा?" गोपालनं विचारलं. दारावरचे पांडुरंगकाका जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उलटी करून बघायचे. गोपालचा डबाही त्यांनी एकदा हुंगला होता.

"तो हात जोडतो," काका म्हणाले.

ज्ञानपंचमी भाऊबीजेनंतर तीनच दिवसांनी येते. त्या दिवशी भंडारातल्या निवडक पोथ्या काचेच्या कपाटात मांडतात आणि अख्खी वस्ती दर्शनाला लोटते. सगळ्यांना बघायचं असतं ते राणीचं पान. पाचशे वर्षांपूर्वीचं. निळ्याशार रंगात झोपलेली राणी, तिच्या स्वप्नात आलेला पांढरा हत्ती, आणि कडेनं खऱ्या सोन्याची वेल. दिवाळीआधीच त्याचे फोटो झाले होते. आज पुन्हा एकदा, प्रदर्शनाच्या फलकासाठी.

फोटो झाल्यावर काकांनी ते पान पट्टीवर उचलून घेतलं आणि काचेच्या कपाटात कसं दिसतं ते बघायला चौक ओलांडून निघाले. हर्षदा झाकण घेऊन मागे. चौकाच्या मधोमध ऊन होतं. काका दोन पावलं उन्हातून चालले असतील नसतील, आणि हर्षदा थांबली.

निळा रंग जांभळा झाला होता.

फार नाही. एखादा थेंब जांभळा. पण सुट्टीच्या पहिल्या दिवशी काकांनी हेच पान याच चौकात वारं देण्यासाठी ठेवलं होतं, आणि तो निळा तिच्या चांगला लक्षात होता. संध्याकाळच्या आभाळात चांदणी निघण्याआधी असतो तसा. त्यात जांभळं काही नव्हतं.

हर्षदाची आई घरी साड्यांना लेस लावायचं काम करायची. लेस साडीला जुळते का हे ती कधीही घरात ठरवायची नाही. "ट्यूबलाइट लबाड असते," म्हणायची, आणि दोन्ही घेऊन उंबऱ्याबाहेर जायची. दोन रंग वेगवेगळ्या पदार्थांचे असले तर दिव्याखाली ते जुळे भाऊ वाटतात आणि उन्हात गेले की अनोळखी. सुरतेत हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, कारण अशा चुकीनं साड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे परत येतात.

ती धावत कुंदनदादाकडे गेली आणि तिनं सगळं सांगितलं.

तो कॅमेऱ्याची वायर गुंडाळत होता. वायर गुंडाळतच त्यानं विचारलं की सकाळपासून किती वेळ पडद्यासमोर बसलीस. मग म्हणाला, इतका वेळ त्या प्रखर दिव्याखाली बसून एकदम उन्हात गेलं की डोळा चुकतो. पांढरा रंगही पिवळा दिसतो. त्याला स्वतःला शंभरदा झालंय असं. हर्षदाला हायसं वाटलं. ज्यानं बघायला शिकवलं तोच म्हणतोय, मग झालं तर. आपण भाईदासकाकांना काही बोललो नाही हेच बरं, असंही तिच्या मनात आलं.

"आज एक मोठं काम देतो तुला," तो पुढे म्हणाला. "थैली यावर्षी तू न्यायची."

गोपालचा चेहरा उतरला. कण त्यानं गोळा केले होते.

"तिघं मिळून न्या. पण हातात हर्षदाच्या." कुंदनदादानं थैलीचं तोंड आधीच लाल दोऱ्यानं आवळून बांधलेलं होतं. त्यानं सांगितलं की त्याला स्वतःला नेता येत नाही, कारण कॅमेऱ्यावर काम करणाऱ्यानं बाहेर जाताना रिकाम्या हातानं जायचं असा ट्रस्टचा नियम आहे. तो जेवायला बाहेर पडेल आणि गल्लीच्या टोकाला थांबेल. तिथं थैली त्याच्याकडे द्यायची. विहिरीचा कठडा ढासळलाय, मुलांनी तिकडे जायचं नाही.

भाईदासकाकांनी हर्षदाच्या डोक्यावर हात ठेवला आणि थैली तिच्या ओंजळीत दिली. दारावर पांडुरंगकाकांनी गायत्रीची पिशवी तपासली, गोपालचे खिसे चाचपले, आणि थैलीसमोर डोळे मिटून हात जोडले.

गल्ली सामसूम होती. लाभपाचमेपर्यंत, म्हणजे उद्यापर्यंत, दुकानं बंद. दारांपुढच्या रांगोळ्यांवरून फटाक्यांचे लाल कागद उडत होते.

"कणांची थैली एवढी ताठ का आहे?" थोडं चालल्यावर हर्षदा म्हणाली.

गायत्रीनं बाहेरूनच चाचपली. वर मऊ होतं, चुरगळलेल्या कागदासारखं. पण खाली, कापडाला लागून, काहीतरी सपाट आणि कडक. हर्षदानं त्याची लांबी बोटांनी अंदाजली. ती लांबी ती रोज मोजपट्टीशेजारी बघत होती.

एका बंद जरीच्या दुकानाच्या ओट्यावर ते बसले. उघडायची की नाही यावर भांडण झालं. गोपालचं म्हणणं, पाप लागेल. गायत्रीचं म्हणणं, आपण बघितलं नाही आणि कुणी दुसऱ्यानं आत काही घातलं असेल, तर पाप कुणाला लागेल? हर्षदा दोऱ्याची गाठ चाचपत होती. तिला पापाची भीती नव्हती. दोरा सोडणं म्हणजे कुंदनदादावर संशय घेणं, आणि एकदा घेतलेला संशय परत कुठे ठेवायचा हे तिला कळत नव्हतं.

शेवटी तिनंच दोरा सोडला.

वर गोपालचे कण, चिठ्ठ्या, दोऱ्याचे तुकडे. त्याखाली घडी घातलेले कागद. गायत्रीनं एक उलगडला. राणी. दुसरा उलगडला. पुन्हा राणी, पण निळा जरा हिरवट. तिसऱ्यात जांभळट. पुढच्यात कमी जांभळट. हातकागदावर छापलेली एकच राणी, पुन्हापुन्हा, दर वेळी निळा थोडासा बदललेला. दिव्याखाली खऱ्या पानाशी जुळेपर्यंत कुणीतरी नमुने काढत गेलं होतं.

आणि सगळ्यात खाली दोन पुठ्ठे, त्यांच्यात बटर पेपर, आणि बटर पेपरमध्ये पान.

हर्षदानं ते दोन्ही तळहातांवर उन्हात धरलं. संध्याकाळचं आभाळ. सोन्याची वेल तिरकी केली की विझत होती, सरळ केली की पेटत होती. भिंगाची गरजच नव्हती.

"म्हणजे कपाटात..." गायत्री म्हणाली आणि थांबली.

"कपाटात छापलेलं आहे."

"पण हे चुकलेले नमुने त्यानं फाडून फेकले का नाहीत?" गोपालनं विचारलं. "चोर असून एवढा येडा?"

हर्षदाला ते लगेच समजलं, आणि समजलं म्हणून जास्त लागलं. बाहेर काही नेता येत नव्हतं. आत कचऱ्याचा डबा होता, पण त्यात अक्षर असलेला कागद टाकायला त्याचा हात धजला नव्हता. लहानपणापासूनची सवय. पान चोरलं, पण चुकलेले कागद मानानं थैलीत ठेवले.

"त्यानंच केलं हे अजून सिद्ध झालेलं नाही," ती हट्टानं म्हणाली. "थैली दुसऱ्या कुणीही भरली असेल. दादाला माहीतही नसेल."

"आणि माहीत असेल तर?" गायत्रीनं विचारलं. "थैली तुझ्या हातात दिलीय त्यानं. दारावर उघडली असती तर नाव कुणाचं आलं असतं?"

हर्षदानं लाल दोरा उचलला. तिच्याकडे एक प्रयोग होता. दादाला काही माहीत नसेल तर तो थैली न उघडता विहिरीत सोडेल. माहीत असेल तर उघडेल. मध्ये तिसरं काही नाही.

तिनं पुठ्ठ्यांमध्ये खऱ्या पानाच्या जागी एक जांभळट नमुना ठेवला, सगळं होतं तसं भरलं आणि लाल दोरा पुन्हा आवळला. खरं पान बटर पेपरसकट गायत्रीच्या चित्रकलेच्या वहीत गेलं. वही घेऊन बहीणभावानं परत भंडारात जायचं, भाईदासकाकांना चौकात बोलवायचं आणि दोन्ही पानं उन्हात शेजारी धरायची. काही सांगत बसायचं नाही.

"गोपाल, आयुष्यात एकदा धावू नकोस," हर्षदा म्हणाली.

तो धावला नाही. वही आरतीच्या ताटासारखी धरून तो बहिणीच्या पुढे चालत गेला.

गल्लीच्या टोकाला कुंदनदादा उभा होता. "बाकीचे?" त्यानं विचारलं.

"गोपालचा डबा राहिला आत."

तो हसला, थैली घेतली आणि तिच्या हातावर नोट ठेवली. कोपऱ्यावर लोचो मिळतो, गरम असतो, तिघं खा म्हणाला. त्याचा हसरा चेहरा रोजचाच होता. हर्षदानं त्यात काही वेगळं शोधायचा प्रयत्न केला. काहीच सापडलं नाही, आणि हेच सगळ्यात भीतीदायक होतं.

मंदिर उजवीकडे होतं. हर्षदा मनात म्हणत होती, उजवीकडे वळ, दादा, उजवीकडे.

तो डावीकडे वळला.

ती बंद दुकानांच्या आडोशानं मागे गेली. रिकाम्या रिक्षा स्टँडपाशी तो थांबला. मागेपुढे बघून त्यानं थैली कपाळाला लावली. मग खिशातून ब्लेड काढून दोरा कापला, आत हात घालून दोन पुठ्ठे बाहेर ओढले, थैलीचं तोंड पुन्हा नीट मुरडलं आणि ती रिक्षा स्टँडच्या बाकावर ठेवली. जमिनीवर नाही, बाकावर. रस्त्यापलीकडे एक पांढरी गाडी उभी होती. तो पुठ्ठे शर्टाखाली धरून तिकडे निघाला.

प्रयोग संपला होता. हर्षदानं मनाशी ठरवलं होतं की इथून गुपचूप परतायचं. पण पाय हलेनात आणि तोंडच हललं.

"दादा, उघडून तरी बघ."

तो वळला. तिला बघून त्याचा रंग उडाला. त्यानं पुठ्ठे उघडले. उन्हात जांभळट राणी त्याच्याकडे बाहेर आलेल्या डोळ्यानं बघत होती.

पांढऱ्या गाडीची काच थोडी खाली आली, पुन्हा वर गेली, आणि गाडी निघून गेली.

"थैली उघडलीस?" कुंदनदादानं विचारलं. त्याच्या आवाजात राग होता, खरा राग. "आशातना होते. शिकवलं नव्हतं तुला?"

क्षणभर हर्षदाला वाटलं की चूक आपलीच आहे. मग तिला त्याच्या हातातले पुठ्ठे दिसले.

"खरं पान काकांकडे गेलंय," ती म्हणाली.

तो रिक्षा स्टँडच्या बाकावर, थैलीच्या शेजारी बसला. पळाला नाही. रस्त्याकडे बघत बोलू लागला, जणू टेबलाशी बसून तिला काहीतरी शिकवत असावा. फोटो काढायच्या पोथ्या संपत आल्या होत्या. पुढच्या महिन्यात कॅमेरा परत जाणार आणि त्याचं कामही. ओळखीच्या एका छपाईवाल्याकडे त्यानं पान छापून घेतलं होतं. पान जुळायला दिवसच्या दिवस गेले होते.

"आणि कुणाचं काय गेलं, सांग," तो म्हणाला. "फोटो आहे ना. केसाएवढी रेघसुद्धा दिसते त्यात. ते पान पेटीत पडून राहणार. वर्षातून एकदा लोक काचेवरून नमस्कार करणार. त्यांना हे काय आणि ते काय."

"फोटो पुरतो?"

"पुरतो."

"मग त्या गाडीवाल्याला फोटोच द्यायचा होता."

हर्षदाला आणखी एक गोष्ट विचारायची होती. पान, सोनं, निळा रंग, सगळं तिच्यापुढे बाजूला पडलं होतं.

"माझ्याच हातात का दिलीस?"

"तू लहान आहेस. सापडली असतीस तरी तुला कुणी काही केलं नसतं."

"म्हणजे मी सापडेन, हेही तू धरलं होतंस."

त्यानं वर बघितलं. घरी बोलतात तशा अहिराणीत, हळू आवाजात तो म्हणाला, "हर्षू, तू मन्ही बहीण शे ना?"

"परवा ओवाळलं, तेव्हा पान बदललेलं होतं का?"

त्यानं मान खाली घातली, आणि हर्षदाला उत्तर मिळालं. तिनं मुठीतली नोट बाकावर त्याच्याशेजारी ठेवली.

रस्त्यावरून भाईदासकाका येत होते, चप्पल न घालता, पांडुरंगकाकांच्या खांद्याचा आधार घेत. मागे गायत्री आणि गोपाल. काका ओरडतील, मारतील, असं सगळ्यांना वाटलं. काकांनी बाकावरची थैली उचलून छातीशी धरली आणि कुंदनदादाकडे न बघता पांडुरंगकाकांना सांगितलं की ट्रस्टच्या अध्यक्षांना फोन लावा, पुढचं ते आणि पोलीस बघतील. मग लेकीला बोलवावं तसं ते हर्षदाला म्हणाले, "चल दीकरी." विहिरीपर्यंत ते चौघं चालत गेले.

डिंडोलीत त्या संध्याकाळी दारादारात कुजबुज होती. कुंदनदादाच्या आईनं दार लावून घेतलं होतं. हर्षदाच्या आईनं हातातली साडी बाजूला ठेवून सगळं ऐकलं आणि विचारलं तेवढंच, की तुझ्या हातानं न्यायला लावलं त्यानं? मग ती उठली आणि कुंदनदादाच्या घराकडे गेली. बंद दारापुढे भाकरीचं ताट ठेवून परत आली. हर्षदाला त्याचाही राग आला. कुणाचा राग करायचा हे तिला नीट ठरवता येत नव्हतं.

ज्ञानपंचमीला भंडारात पाय ठेवायला जागा नव्हती. तिघांचे आईवडील आले होते, नवे कपडे घालून, जरा अवघडून. काचेच्या कपाटात राणी होती, खरी. रांगेतली माणसं नमस्कार करत होती. पांडुरंगकाका आता प्रत्येक थैली उघडायची असं सगळ्यांना बजावून सांगत होते, आणि ते ऐकून गोपाल खिसे स्वतःच बाहेर काढून उभा राहिला.

ट्रस्टच्या अध्यक्षांनी तिघांना पुढे बोलावलं. भाषण लांबलं. मोठ्यांना जे दिसलं नाही ते या मुलांना दिसलं, असं ते म्हणाले. आम्ही पिशव्या तपासल्या, माणसं नाही, असंही म्हणाले. टाळ्या झाल्या. गायत्रीला मिळाली रंगांची पेटी, गोपालला ब्रशचा संच, आणि हर्षदाला भिंग, चामड्याच्या पाकिटात.

"बेटा," अध्यक्षांनी माइक तिच्यापुढे धरला, "रंगातला एवढा बारीक फरक ओळखायला तुला शिकवलं कुणी? सगळ्यांना सांग."

आई समोरच बसली होती. तिचं नाव घेता आलं असतं, आणि ते खोटंही झालं नसतं. भाईदासकाकांचं नाव घेतलं असतं तर सभेनं पुन्हा टाळ्या वाजवल्या असत्या. हर्षदानं भिंगाचं पाकीट घट्ट धरलं.

"ऊन आईनं दाखवलं," ती म्हणाली. "पण बघायला कुंदनदादानं शिकवलं."

अध्यक्षांनी माइक मागे घेतला आणि त्यांना पुढचं वाक्य सापडेना. कुणीतरी खोकलं. गायत्रीनं हर्षदाचा हात धरला.

कपाटाशेजारी उभे असलेले भाईदासकाका पुढे आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण बोलले ते सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आणि त्याला मी," ते म्हणाले, आणि थांबलेली रांग पुढे घ्यायला वळले.